छोट्या शब्दाचं मूळ कसं शोधावं : ‘पाव’ हातात घेऊन

लांब शब्द आपलं कुळ स्वतःच सांगतो. ‘महाविद्यालय’ फोडलं की ‘महा’, ‘विद्या’ आणि ‘आलय’ हातात येतात, काम झालं. दोन अक्षरी शब्द तसा दाद देत नाही. पिढ्यान्‌पिढ्या तोंडात घोळून तो इतका झिजतो, की वेगवेगळ्या घराण्यांतले शब्द शेवटी एकसारखे दिसायला लागतात. अशा शब्दाचं मूळ शोधायची एक रीत आहे आणि ती कुणालाही जमते, त्यासाठी संस्कृतचा पंडित असावं लागत नाही. मी बेळगावात हायस्कूलला मराठी शिकवते. दिवाळीच्या सुट्टीनंतर नववीच्या वर्गाकडून हा अभ्यास करून घेते. नंतरचे शब्द दरवर्षी बदलतात, पहिला मात्र ठरलेला : पाव.

फळ्यावर तो लिहिला की कुणीतरी हात वर करतंच. “बाई, पायाने मळतात म्हणून पाव.” लगेच मागच्या बाकावरून, “नाही बाई, त्याचे चार भाग करतात म्हणून पाव.” ही उत्तरं मुलांना घरातून मिळालेली असतात. मी ती पुसत नाही, फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवते. तपासणी झाल्यावरच त्यांचं काय करायचं ते ठरतं.

आधी वाक्यं, मग कोश

शब्दकोश लगेच उघडू नका. वही घ्या, कान उघडे ठेवा आणि शब्द ज्या वाक्यात आला ते अख्खं वाक्य लिहा. कोण कुणाला म्हणालं तेही लिहा. नुसता शब्द टिपून उपयोग नाही, कारण त्याचं व्याकरण वाक्यातच दिसतं. मुलं घरून, बाजारातून, बसस्टॉपवरून वाक्यं आणतात : “पाव किलो वांगी द्या.” “दोन पाव आण, शिळे नकोत.” “यंदा देव पावला, ताईला नोकरी लागली.” “पावती सांभाळून ठेव.” “पावणेपाचची बस गेली वाटतं.” “काय पावणं, कवा आलासा?”

मग मी एक वाक्य मोठ्याने वाचायला लावते : “पावणे पावणेपाचला आले, तेव्हा कुठे देव पावला आणि आईने पाव किलो शेव नि पाव मागवले.” यात ‘पाव’ पाच वेळा ऐकू येतो. मुळं चार आहेत. कुठली दोन रूपं एका घरची, हे कानाला कळत नाही. व्याकरणाला कळतं.

म्हणून पुढची पायरी वर्गवारीची. ‘दोन पाव’, ‘पावाचा तुकडा’, ‘पावाला लोणी लाव’ हे सरळ पुल्लिंगी नाम, त्याला विभक्तीचे प्रत्यय लागतात. ‘पाव किलो’, ‘पाव टक्का’ यातल्या ‘पाव’ला प्रत्यय लागत नाही, प्रत्यय पुढच्या शब्दाला लागतो : पाव किलोला किती पडले? आणि ‘पावला, पावेल, पावो’ हे तर उघड क्रियापद. झाले तीन ढीग. उरलेली वाक्यं, म्हणजे ‘पावणं’, ‘पावन’, ‘पावसात’, एका बाजूला ठेवा, त्यांचा निकाल आपोआप लागत जातो. एक नियम इथेच पाळा : दोन ‘पाव’ वेगळ्या रीतीने चालत असतील, तर ते दोन वेगळे शब्द आहेत असं धरूनच पुढे जायचं. ते एकच आहेत असं कुणाला म्हणायचं असेल, तर पुरावा त्याने द्यायचा.

पाव किलोतला पाव

आता प्रत्येक ढिगातल्या शब्दाची भावंडं गोळा करा. एकटा ‘पाव’ काही बोलत नाही, भावंडं बोलतात. या ढिगात येतात पावशेर, पाऊण, सव्वा, पावणेपाच, पावली. पावली म्हणजे रुपयाचा चौथा हिस्सा, चार आणे, पुढे 25 पैसे. हे नाणं 30 जून 2011 ला चलनातून गेलं, त्यामुळे हल्लीच्या मुलांना ते समजावून सांगावं लागतं. आजी-आजोबांना विचारा म्हटलं की मात्र घराघरांतून पावल्या निघतात, डब्यात जपून ठेवलेल्या.

भावंडं शेजारी शेजारी मांडा आणि संस्कृतकडे बघा. सव्वा म्हणजे ‘सपाद’, पाद-सहित. पाऊण म्हणजे ‘पादोन’, पादाने ऊन, म्हणजे कमी. एकोणीसमध्ये जो ‘ऊन’ आहे तोच हा. ‘पावणेपाच’ला पाचात पाव कमी का असतो, तेही इथे कळलं. सगळीकडून ‘पाद’ निघतो आणि पाद म्हणजे पाय. दोन स्वरांच्या मधला ‘द’ प्राकृतात गळला, ‘पाद’चा ‘पाअ’ झाला. दोन स्वर लागोपाठ म्हणायला जड, म्हणून मध्ये कधी ‘य’ शिरला, कधी ‘व’ शिरला. पहिल्याचा ‘पाय’ झाला, दुसऱ्याचा ‘पाव’. ‘पाऊल’ आणि ‘पावलं’ही याच घरातली.

ध्वनी जुळले म्हणजे संपलं नाही. अर्थ कसा जुळतो, तेही दाखवावं लागतं. पायाचा चौथा हिस्सा कसा झाला? जनावराला चार पाय, त्यांतला एक पाय म्हणजे चौथाई. हे पटण्यासारखं आहे, पण पटणं पुरत नाही, कुठेतरी लिहिलेलं सापडायला हवं. ते ऋग्वेदातच सापडतं. दहाव्या मंडलातल्या पुरुषसूक्तात म्हटलंय, “पादोऽस्य विश्वा भूतानि त्रिपादस्यामृतं दिवि.” सगळी भूतं हा त्याचा एक पाद, उरलेले तीन पाद अमृत होऊन द्युलोकात. एक आणि तीन मिळून चार, हिशेब चोख. पाणिनीच्या अष्टाध्यायीत आठ अध्याय आहेत आणि प्रत्येकाचे चार पाद, एकूण 32. भाजीवालीच्या तोंडचा ‘पाव’ इतका जुना आहे हे ऐकून मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

अर्थाची अजून एक परीक्षा असते : हीच कल्पना दुसऱ्या भाषेला सुचली आहे का? बेळगावकरांना त्यासाठी लांब जावं लागत नाही. गणपत गल्लीत भाजीला गेलं की एकाच पाटीपुढे दोन भाषा चालतात. मी “पाव किलो गवारी” म्हणते, शेजारची बाई “कालु किलो” म्हणते, विकणारी दोघींना अडीचशे ग्रॅमचंच वजन टाकून तोलून देते. कन्नडमध्ये ‘कालु’ म्हणजे पाय, आणि ‘कालु’ म्हणजे चौथा हिस्साही. तमिळमधला ‘काल्’ही असाच दुहेरी. ही भाषांची वेगळीच कुळी, ‘पाद’ आणि ‘काल्’ यांत एक व्यंजन सारखं नाही, तरी पाय आणि पाव यांची गाठ दोन्हीकडे पडलेली. यानंतर ‘पाद’बद्दल शंका घ्यायला जागा राहत नाही.

ज्यांना पश्चिमेकडे जायचंय त्यांनी जावं. लॅटिनमध्ये पायाला ‘पेस’, त्याची षष्ठी ‘पेदिस’, त्यावरूनच सायकलचं पेडल. इंग्रजीत तोच शब्द ‘फूट’ झाला, कारण त्या कुळीत जुना ‘प’ नियमाने ‘फ’ झालेला आहे : पितृ आणि फादर, पञ्च आणि फाइव्ह, पाद आणि फूट. फारसीत ‘पा’ किंवा ‘पाय’, आणि जामा म्हणजे वस्त्र, म्हणून पायजमा. मराठीत ‘पाय’ असा दोन वाटांनी आलाय, एक घरची आणि एक इराणातून.

देव पावतो तो पाव

हा ढीग लवकर आवरतो. भावंडं : पावती, पोचपावती, मरण पावणे, नवसाला पावणारा देव. जुन्या पत्रांचा ठरलेला मायना “आपले पत्र पावले, मजकूर समजला.” गणपतीच्या आरतीत समर्थ रामदास ‘संकटी पावावे’ म्हणतात (बरेच जण ‘संकष्टी’ म्हणतात, पण मूळ मागणं संकटात धावून यायचं आहे). पत्र पावणे, मरण पावणे, देवाने पावणे, सगळ्यांत मिळणं किंवा पोचणं आहे. मडगावची माझी मावशी आजही घरी पोचल्याचा फोन करते तेव्हा “घरा पावलें” म्हणते. मराठीत मागे पडलेला अर्थ शेजारच्या कोकणीत नांदत असतो, म्हणून शेजारच्या भाषेत डोकावायचं कधी चुकवू नये. हिंदीतला ‘पाना’ आणि गुजरातीतला ‘पामवुं’ही याच गोत्राचे.

मूळ ‘प्र’ आणि ‘आप्’, म्हणजे ‘प्राप्’. ‘प्रापयति’चं प्राकृतात ‘पावेइ’, मराठीत ‘पावे’. इथे दोन नियम लागले आणि दोन्ही वहीत लिहून ठेवण्यासारखे आहेत. सुरुवातीचा ‘प्र’ सुटा होऊन ‘प’ राहतो : प्रावृष् या शब्दाचा पाऊस झाला. आणि स्वरांमध्ये सापडलेला ‘प’ मऊ होऊन ‘व’ होतो : दीपचा दिवा, सपत्नीची सवत, कपर्दिकेची कवडी. नियम म्हणजे हेच. एका शब्दाला लावायचा आणि बाकीच्यांना नाही, असं करता येत नाही.

नियम हातात आला की बाजूला ठेवलेली वाक्यं सुटतात. ‘पावणं’ म्हणजे पाहुणा. घरी येऊन पावतो म्हणून पावणा, असं कुणी सांगितलं तर गोड वाटेल. पण मग ‘पाहुणा’तला ‘ह’ कुठून आला? ‘प्राप्’मध्ये ‘ह’ होईल असं काहीच नाही. ‘प्राघुण’ किंवा ‘प्राघूर्णक’ या संस्कृत शब्दात ‘घ’ आहे, आणि स्वरांमधला ‘घ’ प्राकृतात ‘ह’ होतो. म्हणजे ‘पाहुणा’ हे जुनं रूप, गावाकडच्या ‘पावण्या’त तो ‘ह’ही गळाला. ‘पावन’ आणि ‘पावक’ आणखी वेगळे, ते ‘पू’ धातूचे, शुद्ध करण्याचे.

याच ‘प’चा ‘व’ होण्यातून एक ‘पाव’ असा जन्मला, जो आज आपल्या बोलण्यात नाही. जैन आगमांच्या, म्हणजे धर्मग्रंथांच्या, अर्धमागधी या प्राकृत भाषेत ‘पाव’ म्हणजे पाप. तिथे ‘पुण्ण’ आणि ‘पाव’ अशी जोडी येते. मराठीने ‘पाप’ पुन्हा जसंच्या तसं संस्कृतातून उचललं, त्यामुळे देव पावतो तेव्हा आपला गोंधळ होत नाही.

बेकरीतला पाव

आता कोपऱ्यातली दोन उत्तरं. पायाने मळतात म्हणून पाव, हे फक्त आपल्याकडेच सांगतात असं नाही, हिंदीतल्या पावरोटीबद्दलही तेच ऐकायला मिळतं. बंगालीत तिला पाउरुटी म्हणतात. गोष्ट सोपी आहे, चटकन पटते आणि थोडी किळसही आणते, म्हणून पसरते. अशी व्युत्पत्ती ऐकली की तिला एकच प्रश्न विचारायचा : सगळे ध्वनी जमेस धरलेस का?

इथे माझी मावशी पुन्हा कामाला येते. मडगावला सकाळी सायकलच्या भोंग्याचा पों-पों आवाज आला की आतून हाक येते, “पदेर आयलो!” पदेराच्या मागे वेताची मोठी टोपली, वर निळं प्लास्टिक, आत उंडे, कातरे पाव आणि कोंड्याची पोळी. या पोळीचं नाव आपलं आहे, वस्तू मात्र भट्टीतली. मावशी जे मागते ते नीट ऐका : ‘पांव’. नाकातून. मराठी ‘पाव’मध्ये हा नाकातला आवाज राहिलेला नाही, कोकणीत तो स्वच्छ आहे. ‘पाद’मध्ये अनुनासिक नाही, मग ‘पांव’मध्ये आलं कुठून? पायाने मळण्याची गोष्ट इथेच अडते, चार भागांचीही इथेच अडते. हिशेबात न बसणारा ध्वनी हाच सर्वांत चांगला माग असतो, तो धरून ठेवा.

तो माग पोर्तुगिजांकडे जातो. त्यांच्या भाषेत या वस्तूला साधारण ‘पाँउ’ म्हणतात, शेवटचा स्वर पूर्ण नाकातून. ती भाजणारा ‘पादेइरु’, त्याचाच आपला पदेर झाला. पोर्तुगिजांनी गोवा घेतला 1510 मध्ये. वसई त्यांच्याकडे 1534 पासून चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये जिंकेपर्यंत होती. गोवा 1961 पर्यंत. म्हणजे शब्द यायला रस्ता होता, वेळ होता आणि नवी वस्तूही होती : आंबवून, फुगवून, भट्टीत भाजलेला गव्हाचा गोळा. गोव्यात ते पीठ आंबवायला माडाची सूर वापरत.

पण पुन्हा सांगते, एका शब्दाचं जुळणं हा योगायोग असू शकतो. नियम दाखवायचा तर सोबती शोधा. पोर्तुगीजमध्ये असाच ‘आँउ’ शेवटी असलेले शब्द मराठीत काय होऊन आले? लिलाव हा पोर्तुगीज ‘लेइलाँउ’. किरिस्ताव हा ‘क्रिश्ताँउ’. पाव हा ‘पाँउ’. तिन्हीत ‘आँउ’चा ‘आव’. कोकणीत तिथे नाक राहिलं : पांव, किरिस्तांव, आणि बटनाला बुतांव, कारण पोर्तुगीजमध्ये बटन ‘बोताँउ’. वर्गात हे चार-पाच शब्द एकाखाली एक लिहिले की मुलं स्वतःच म्हणतात, “बाई, सगळ्यांचं शेपूट सारखंच.” तेवढं कळलं की बाकी मला फार बोलावं लागत नाही.

मग जगाचा नकाशा काढा. पोर्तुगीज जिथे जिथे गेले तिथे हे शेपूट शोधा. श्रीलंकेत सिंहलीत पावाला ‘पान्’ म्हणतात आणि साबणाला ‘सबन्’, कारण पोर्तुगीजमध्ये साबण ‘सबाँउ’. जपानात ते 1543 मध्ये पोचले. जपानी भाषेत पाव ‘पान’, बटन ‘बोतान’, आणि साबणाला ‘शाबोन’. सिंहली आणि जपानी कानांनी त्या नाकातल्या आवाजाचा ‘न’ केला, मराठीने त्याचा ‘व’ केला, कोकणीने दोन्ही सांभाळलं. मूळ एक, घराघरांत पडलेलं वळण वेगळं, आणि प्रत्येक घरात ते वळण बाकीच्या सोबत्यांनाही लागू. जपानात हा शब्द इतका मुरला, की टोकियोच्या गिन्झा भागातल्या किमुराया बेकरीने लाल घेवड्याचं गोड पुरण भरून पाव केला तेव्हा त्याचं नाव ‘अनपान’ झालं, अर्धं जपानी, अर्धं पोर्तुगीज. 1875 मध्ये तो मेजी सम्राटापुढे ठेवला गेला. पायाने मळण्याच्या गोष्टीला हे शेवटचं उत्तर : मराठीतला पाय जपानात कसा पोचणार?

फिलिपिन्समध्येही पावाला ‘पान’ म्हणतात, पण तो या यादीत घालू नका. तिथे स्पॅनिश लोकांचं राज्य होतं आणि स्पॅनिशमध्ये शब्दच ‘पान’ आहे. गाव एक, गाडी वेगळी. शब्द कुठल्या लोकांबरोबर आला हे दरवेळी तपासावं लागतं.

पोर्तुगीजपाशीही थांबू नये. पोर्तुगीज ‘पाँउ’, स्पॅनिश ‘पान’, इटालियन ‘पाने’, हे सगळे लॅटिन ‘पानिस’चे. त्याच ‘पानिस’वरून ‘कॉम’ जोडून, म्हणजे एकत्र भाकरी खाणारे यावरून, इंग्रजी ‘कंपनी’ बनला. पाव ठेवायची खोली ती फ्रेंचमधून आलेली ‘पॅन्ट्री’, आणि कोकण रेल्वेने गोव्याला जाताना आपण जिच्याकडे चहासाठी डोळे लावून बसतो ती पॅन्ट्री कार. म्हणजे एकच लॅटिन शब्द मराठीत किमान दोन दारांनी आला : पोर्तुगिजांच्या दाराने पाव होऊन, इंग्रजांच्या दाराने कंपनी आणि पॅन्ट्री होऊन. मला या अभ्यासातला हा भाग सर्वांत जास्त आवडतो.

दिसायला सारखे, नात्यात नाहीत

मूळ सापडल्याच्या आनंदात माणूस जगातला प्रत्येक ‘पाव’ त्याला जोडायला जातो. म्हणून काही शब्द मी मुद्दाम वर्गापुढे ठेवते आणि नाकारायला लावते.

मलेशियात आणि सिंगापुरात वाफेवर उकडलेला, आत सारण भरलेला पांढरा मऊ गोळा मिळतो. त्याला म्हणतात ‘पाउ’. ध्वनी जुळतो, वस्तूही पिठाचीच, मऊ आणि गोल, शिवाय मलाक्का पोर्तुगिजांच्या ताब्यात होतंच. सगळं जुळतंय असं वाटतं ना? तरीही तो वेगळा आहे. तो चिनी ‘बाओ’, अर्थ गुंडाळणे. इंडोनेशियात तोच ‘बाकपाउ’, फिलिपिन्समध्ये ‘सिओपाओ’, आणि या जोडनावांचे दोन्ही तुकडे चिनी आहेत. शब्दाबरोबर आलेले सोबती चिनी असतील तर शब्दही त्यांच्यासोबतच आला असं समजावं.

खुद्द पोर्तुगीजमध्ये ‘पाउ’ असाही शब्द आहे, नाकात न म्हणता. त्याचा अर्थ लाकूड, काठी. ब्राझील देशाचं नाव ज्या तांबड्या लाकडावरून पडलं ते ‘पाउ-ब्राझिल’. म्हणजे आपण जसा उच्चार करतो तसा ‘पाव’ लिस्बनमध्ये मागितला तर समोरच्याला आधी लाकूड ऐकू येईल. कातालान भाषेत ‘पाउ’ म्हणजे शांतता, लॅटिन ‘पाक्स’वरून. हवाईयन भाषेत ‘पाउ’ म्हणजे संपलं. आणि अगदी आपल्या शेजारी, जुन्या कन्नडमध्ये ‘पावु’ म्हणजे साप. पुढे कन्नडमध्ये शब्दारंभीचा ‘प’ ‘ह’ झाला, म्हणून आज ‘हावु’. तमिळमध्ये दूध ‘पाल्’ आणि कन्नडमध्ये ‘हालु’, तोच नियम. माझ्या वर्गात घरी कन्नड बोलणारी मुलंही असतात, हा नियम तीच बाकीच्यांना समजावतात.

नाकारताना विचारायचे प्रश्न तीनच. ध्वनी नियमाने जुळतात का? अर्थ कसा सरकला ते दाखवता येतं का? आणि एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी शब्द कुणी नेला? तिन्हींना उत्तर मिळालं तर नातं माना. दोन अक्षरी शब्दांत ध्वनी फार थोडे असतात, जगात भाषा हजारो आहेत, नुसते सारखे वाटणारे शब्द कितीही सापडतील.

कोश कसे वापरायचे

आता कोश उघडा, आणि एकावर थांबू नका. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 मध्ये निघाला, वाढवलेली दुसरी आवृत्ती 1857 ची. त्यात शब्दापुढे कंसात छोटी खूण असते : संस्कृतला एस, फारसीला पी, अरबीला ए, हिंदुस्तानीला एच. ती खूण आधी वाचा. अर्थांसाठी तर हा कोश खाण आहे, आज विसरलेले वापर त्यात सापडतात. वाक्प्रचारांसाठी दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश घ्या. व्युत्पत्तीसाठी कृ. पां. कुलकर्णी यांचा मराठी व्युत्पत्तिकोश, 1946 चा. भारतीय आर्यभाषांत एक शब्द कसकसा बदलला हे टर्नरच्या तौलनिक कोशात दिसतं, पण तिथे मराठी शब्द थेट शोधू नका. तिथली मांडणी संस्कृत रूपांनुसार आहे, म्हणून आधी सूचीत जा. एखाद्या रूपापुढे तारा असेल तर ते कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही, अभ्यासकांनी अनुमानाने बांधलेलं आहे. तो तारा वहीत उतरवताना गाळू नये.

पोर्तुगीज शब्दांसाठी एकच नाव, सेबास्तियांव रुदोल्फ दाल्गाद. बारदेशातल्या आसगावचा हा विद्वान धर्मगुरू. आशियातल्या भाषांमध्ये गेलेल्या पोर्तुगीज शब्दांवरचा त्यांचा ग्रंथ 1913 चा, त्याचं इंग्रजी भाषांतर 1936 मध्ये आलं. एक पोर्तुगीज शब्द घ्या आणि तो कोकणी, मराठी, सिंहली, मलय, जपानी अशा किती भाषांत काय होऊन बसला ते एका जागी वाचा. गोव्यातल्या एका गावच्या माणसाने हे एवढं एकत्र केलं, याचा मला फार अभिमान वाटतो, आणि मराठी वाचकांना हे नाव अजून माहीत नसतं याचं वाईटही वाटतं. मोल्सवर्थ, दाते-कर्वे आणि टर्नर हे तिन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. शाळेच्या एका मोबाइलवर आमचं काम भागतं.

कोशात जे मिळालं ते वहीतल्या वाक्यांशेजारी लिहा. कोश आणि वाक्य जुळत नसेल तर वाक्य खोडू नका. आजीने म्हटलेला एखादा वापर कोशात नसतो, एवढंच.

‘पाव’ नंतर मी मुलांना ‘वार’ देते, तुम्हीही तोच घ्या. आठवड्याचा वार आणि नऊवारी लुगड्यातला वार वेगळ्या ढिगांत टाका. तलवारीचा वार तिसरीकडे. गाय व्याली की वार पडायची वाट बघतात, तो स्त्रीलिंगी, म्हणून चौथीकडे. ‘तपशीलवार’ आणि ‘उमेदवार’ यांच्या शेपटातला ‘वार’ सुटा वापरता येतो का ते बघा, येत नसेल तर तो प्रत्यय आहे आणि त्याचं घर फारसीत शोधा. ‘वारंवार’ला सोमवाराशेजारी ठेवून बघा, काही जुळतंय का. आणि पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे, ते वाक्य कुठल्या ढिगात जातं हे घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला विचारा. बहुतेक घरांत त्या वारांची एखादी आठवण निघतेच, ती पण वहीत लिहून घ्या.